शेकडा वाढ व शेकडा घट : उच्च प्राथमिक गणित अध्यापनातील ‘मूळ राशी’चा प्रश्न (विशेष संदर्भ : बीड जिल्हा)

प्रस्तावना

बीड जिल्ह्याची ओळख ऊसतोड मजुरांचा जिल्हा अशी आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या मजुरांच्या तोडणीचे दर मजूर संघटना व साखर कारखान्यांचा राज्य संघ यांच्यातील करारानुसार ठरतात. ऑक्टोबर २०२० मधील करारात सरासरी १४ टक्के आणि जानेवारी २०२४ मधील करारात ३४ टक्के दरवाढ मान्य करण्यात आली. या दोन करारांमुळे मिळून मजुरी एकूण किती टक्क्यांनी वाढली, असा प्रश्न इयत्ता आठवीच्या वर्गात विचारल्यास ‘४८ टक्के’ हे उत्तर सर्वप्रथम पुढे येते. वाणिज्य शाखेच्या प्रथम वर्षाच्या वर्गातही ते येते, ही बाब महाविद्यालयीन अध्यापकांच्या अनुभवाची आहे. अचूक उत्तर मात्र ५२.७६ टक्के असे आहे.

४८ आणि ५२.७६ यांतील फरक बेरजेच्या किंवा गुणाकाराच्या चुकीमुळे पडलेला नाही. १४ अधिक ३४ म्हणजे ४८ ही बेरीज बरोबरच आहे. चूक अशी की, पहिले १४ हे जुन्या दराचे टक्के आहेत व नंतरचे ३४ हे वाढीव दराचे टक्के आहेत. दोन निरनिराळ्या राशींचे शेकडे येथे एकाच टोपलीत टाकले गेले. शेकडा वाढ व शेकडा घट या घटकात विद्यार्थी जेथे अडखळतो, तेथे बहुतेक वेळा आकडेमोडीत दोष नसतो, ‘टक्के कशाचे?’ हा प्रश्न विचारला गेलेला नसतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने या घटकाची मांडणी करण्याचा प्रयत्न केला असून उदाहरणे शक्यतो बीड जिल्ह्याच्या जीवनव्यवहारातून घेतली आहेत.

शेकडा, टक्का आणि मराठी भाषेची वळणे

जुन्या मराठी अंकगणिताच्या पुस्तकांत ‘शतमान’ हा शब्द येतो. व्याजाच्या उदाहरणांत ‘दरसाल दरशेकडा’ अथवा ‘द. सा. द. शे.’ असा उल्लेख असतो. या जुन्या शब्दप्रयोगाचा एक मोठा गुण आहे. ‘दरशेकडा’ म्हटले की प्रत्येक शंभरामागे, हे उच्चारातच सांगितले जाते आणि ते शंभर कशाचे, ही विचारणा ओघाने येते. ‘टक्का’ हा शब्द सुटसुटीत खरा. पण तो हळूहळू स्वतंत्र वस्तूसारखा वापरला जाऊ लागला. १४ टक्के म्हणजे १४ आंबे असावेत, तसा विद्यार्थी त्यांची बेरीज करतो. (‘टक्केवारी’ या शब्दाला सार्वजनिक व्यवहारात आलेला दुसरा अर्थ येथे अभिप्रेत नाही, तथापि त्या व्यवहारातही टक्के कशाचे, हे मात्र कोणी विसरत नाही!)

ग्रामीण भागात आणखी एक अडचण संभवते. शाळेतील व्याजाचा दर वर्षाचा असतो. गावातील खाजगी उसनवारीत मात्र ‘शेकडा तीन’ किंवा ‘तीन टक्क्यांनी’ असे म्हटले जाते, तेव्हा तो दर महिन्याचा समजला जातो. वर्गात तीन टक्के व्याज अत्यल्प वाटते. घरी तेच वर्षाला छत्तीस टक्के होते. विद्यार्थ्याला दोन्ही ठिकाणी एकच शब्द ऐकू येतो. महिन्याचा शेकडा ही पद्धत नवी नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) पंचराशिकाच्या उदाहरणात महिन्याला शंभरास पाच असा दर देऊन सोळाचे वर्षाचे व्याज विचारले आहे. भास्कराचार्यांचे विज्जलविड हे गाव काही अभ्यासक बीडशी जोडतात. त्याविषयी मतभेद आहेत. परंतु शेकड्याची मासिक आकारणी या भूमीला परकी नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

मराठीचे विभक्तिप्रत्यय या घटकात गणिताइतकेच महत्त्वाचे ठरतात. ‘धरणातील साठा ४० टक्क्यांनी घटला’ आणि ‘धरणातील साठा ४० टक्क्यांवर आला’ या वाक्यांत केवळ ‘नी’ आणि ‘वर’ एवढाच भेद आहे. अर्थात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्या वाक्यात काय गेले ते सांगितले आहे, दुसऱ्यात काय उरले ते. त्याचप्रमाणे ‘भाव दुप्पट झाला’ म्हणजे १०० टक्के वाढ झाली. ‘भाव दुपटीने वाढला’ या वाक्याचा शब्दशः अर्थ घेतला तर मूळ भावात त्याच्या दुपटीची भर पडली, म्हणजे तो तिप्पट झाला असा होईल. व्यवहारात मात्र बोलणाऱ्याला दुप्पटच अभिप्रेत असते. गणिताच्या शिक्षकाने हे भाषेच्या शिक्षकाचे काम म्हणून सोडून देता कामा नये. शाब्दिक उदाहरणातील निम्मी लढाई या प्रत्ययांतच जिंकली किंवा हरली जाते.

वाढ तेवढीच, टक्के निराळे

शेकडा वाढ काढण्याचे सूत्र सर्वपरिचित आहे :

शेकडा वाढ = (नवी राशी − मूळ राशी) ÷ मूळ राशी × १००

घटीसाठी फरक उलट घेतला जातो. छेद मात्र तोच राहतो. सूत्रातील वजाबाकी विद्यार्थ्यांना सहसा अवघड जात नाही. छेदस्थानी कोणती राशी लिहावी, येथे गोंधळ होतो. पाठ्यपुस्तकांतील प्रारंभीची उदाहरणे १००, २०० किंवा ५०० अशा सोयीच्या मूळ राशींवर रचलेली असतात. सोय म्हणून ते योग्यच आहे. पण मूळ राशी १०० असली की फरक आणि शेकडा वाढ हे दोन्ही आकडे एकच येतात आणि भागाकाराची गरजच विद्यार्थ्याला जाणवत नाही. तो वजाबाकी करतो, उत्तर बरोबर येते आणि चुकीचा समज पक्का होतो.

यावर कापसाच्या हमीभावाचे उदाहरण उपयुक्त आहे. केंद्र शासनाने २०२४-२५ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला ७,१२१ रुपये व लांब धाग्याच्या कापसाची ७,५२१ रुपये ठरविली होती. २०२५-२६ साठी त्या अनुक्रमे ७,७१० व ८,११० रुपये झाल्या. दोन्ही प्रकारांत वाढ नेमकी ५८९ रुपयांची आहे. तरीही मध्यम धाग्याची शेकडा वाढ ५८९ ÷ ७,१२१ × १०० = ८.२७ इतकी, तर लांब धाग्याची ५८९ ÷ ७,५२१ × १०० = ७.८३ इतकी येते. समान वाढ आणि असमान टक्के पाहून वर्गात हमखास प्रश्न उपस्थित होतो. तो विद्यार्थ्याकडूनच येऊ द्यावा. शिक्षकाने उत्तराची घाई करू नये. ज्या विद्यार्थ्याने चुकून नव्या किमतीने भागले असेल त्याचे उत्तर ७.६४ येईल. ते खोडून काढण्याऐवजी ‘हे कशाचे टक्के आहेत?’ असे विचारल्यास ते नव्या भावाचे टक्के आहेत, म्हणजेच ७,७१० रुपयांतील नवी भर शेकडा किती आहे हे ते सांगतात, असे निष्पन्न होते. उत्तर निरर्थक नाही. ते वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. चुकीकडे अशा रीतीने पाहिले की विद्यार्थी सूत्र पाठ करण्याऐवजी अर्थ शोधू लागतो.

पीकविम्याच्या ‘बीड पॅटर्न’नेही हाच प्रश्न जिल्ह्यातील शेतकऱ्यांपुढे ठेवला. २०२० च्या खरिपापासून जिल्ह्यात राबविल्या गेलेल्या या पद्धतीत विमा कंपनीच्या दायित्वाची कमाल मर्यादा ११० टक्के ठेवण्यात आली. ११० टक्के भरपाई म्हटल्यावर ती नुकसानीपेक्षाही अधिक असावी, असा प्रथमदर्शनी समज होतो. वस्तुतः हे ११० टक्के नुकसानीचे नसून जमा झालेल्या एकूण विमा हप्त्याचे होते आणि त्यापलीकडचा भार राज्य शासनावर होता. आकडा तोच, मूळ राशी बदलली की अर्थ पालटतो.

गेलेली वाट आणि परतीची वाट

एखाद्या वस्तूची किंमत २० टक्क्यांनी वाढली व नंतर २० टक्क्यांनी कमी झाली, तर ती पूर्ववत होते असे बहुतेकांना वाटते. १०० रुपयांच्या १२० रुपये झालेल्या किमतीतून १२० च्या २० टक्के, म्हणजे २४ रुपये वजा होतात व ९६ उरतात. नेहमीचे हे उदाहरण फळ्यावर सोडवून दाखविले की विद्यार्थी मान्य करतो. पण त्याची खात्री पटतेच असे नाही. कागदाच्या पट्टीने ती पटते. एका पट्टीला घड्या घालून दहा समान भाग करावेत. २० टक्के वाढ म्हणून तशाच दोन भागांचा तुकडा तिला जोडावा. आता ही बारा भागांची पट्टी मूळ घड्यांकडे न पाहता नव्याने दहा समान भागांत दुमडावी. नवा प्रत्येक भाग जुन्यापेक्षा मोठा झालेला दिसतो. त्यांतील दोन भाग कापल्यावर उरलेली पट्टी पहिल्या पट्टीशेजारी ठेवली असता ती आखूड भरते. येथे बोलावे लागत नाही.

मग परत जाण्यासाठी किती टक्के घट हवी? या प्रश्नाचे उत्तर ‘लीलावती’तील व्यस्तविधीत स्पष्टपणे दिलेले आहे. एखादी राशी स्वतःच्याच एखाद्या अंशाने वाढविलेली असेल, तर उलट जाताना त्या अंशाचा अंश कायम ठेवून छेदात अंश मिळवावा व तो नवा अपूर्णांक वजा करावा. राशी स्वतःच्या अंशाने कमी केलेली असेल, तर छेदातून अंश वजा करून मिळणारा अपूर्णांक मिळवावा, असा तेथील नियमाचा आशय आहे. २५ टक्के म्हणजे १/४ वाढ. परत येण्यासाठी १/५, म्हणजे २० टक्के घट. २० टक्के म्हणजे १/५ वाढ. परतीला १/६, म्हणजे सुमारे १६.६७ टक्के घट. निम्म्याने, म्हणजे १/२ ने घटलेली राशी पूर्ववत होण्यास १/१, म्हणजे पूर्ण १०० टक्के वाढ लागते. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा नियम सहावीच्या विद्यार्थ्याला टक्क्यांतील सूत्रापेक्षा लवकर समजतो, कारण तो अपूर्णांकांत मांडलेला आहे. २५, २०, ५०, १२.५ या टक्क्यांची अपूर्णांक रूपे पाव, पंचमांश, निम्मे, अष्टमांश अशी तोंडपाठ करून घेण्याची जुनी रीत टाकाऊ नव्हती.

वाणिज्याच्या अध्यापकांना याच चुकीचा दुसरा अवतार परिचित असेल. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून बिल १,१८० रुपयांचे असेल, तर करपूर्व रक्कम काढताना विद्यार्थी १,१८० च्याच १८ टक्के, म्हणजे २१२.४० रुपये वजा करतो. कर १,००० रुपयांवर आकारलेला असल्याने १,१८० ला १.१८ ने भागणे आवश्यक आहे. कमी करणे आणि वाढ मागे घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे सातवी-आठवीत स्पष्ट झाले नाही तर ते पदवीपर्यंत तसेच राहते.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात परतीच्या वाटेचे सर्वांत गंभीर उदाहरण जनगणनेत आहे. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८९४ होती. २०११ मध्ये ती ८०७ झाली. या एकाच घटनेचे वर्णन निरनिराळ्या रीतींनी करता येते आणि त्यांतील प्रत्येक आकडा खरा असतो. दर हजारी ८७ ची घट झाली. गुणोत्तर ८७ ÷ ८९४ × १०० = ९.७३ टक्क्यांनी घटले. एकूण बालकांत मुलींचा वाटा काढला तर तो २००१ मध्ये ८९४ ÷ १,८९४, म्हणजे ४७.२० टक्के होता. २०११ मध्ये ८०७ ÷ १,८०७, म्हणजे ४४.६६ टक्के झाला. हा फरक अवघा अडीच टक्क्यांचा दिसतो. अडीच हा आकडा ऐकून फारसे काही घडले नाही असे वाटते. ८७ ऐकून वेगळे वाटते. आणि ‘मुलींची संख्या पावणेदहा टक्क्यांनी घटली’ असे विधान कोणी केले, तर ते या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. घटले आहे ते गुणोत्तर. मुलींची प्रत्यक्ष संख्या किती बदलली हे सांगण्यासाठी मुलांची संख्याही पाहावी लागेल. पुढे, ८०७ वरून पुन्हा ८९४ पर्यंत जावयाचे झाल्यास गुणोत्तरात ८७ ÷ ८०७ × १०० = १०.७८ टक्के वाढ व्हावी लागते. गमावले ते ९.७३ टक्के, भरून काढावयाचे ते १०.७८ टक्के.

हे उदाहरण वर्गात घ्यावे की नाही, याविषयी काही शिक्षकांच्या मनात संकोच असतो. सातवी-आठवीच्या वर्गातील मुली हे आकडे ज्या समाजाविषयी बोलतात त्याच समाजात वाढत आहेत. आंबे आणि पेरू यांच्या भावाची उदाहरणे निरुपद्रवी असतात, हे खरे. पण गणित आपल्याविषयी काही सांगू शकते, याचा अनुभव त्यांतून मिळत नाही.

गुणकाची रीत

वाढ म्हणजे बेरीज आणि घट म्हणजे वजाबाकी, ही सुरुवातीची समजूत एका टप्प्यापर्यंत पुरते. एकामागून एक बदल होऊ लागले की ती अपुरी पडते. १४ टक्के वाढ म्हणजे मूळ राशीची १.१४ पट आणि ३४ टक्के वाढ म्हणजे १.३४ पट, अशी मांडणी केली की दोन करारांचा एकत्रित परिणाम १.१४ × १.३४ = १.५२७६ असा एका गुणाकारात मिळतो. पूर्वी १०० रुपये मिळत असतील तेथे १५२ रुपये ७६ पैसे. ४८ आणि ५२.७६ यांतील ४.७६ कोठून आले, हेही दाखविता येते : पहिल्या करारात वाढलेल्या १४ रुपयांवरही दुसऱ्या कराराची ३४ टक्के वाढ मिळते आणि १४ चे ३४ टक्के म्हणजे ४.७६. चक्रवाढ व्याजाचे बीज येथेच आहे. आठवीत चक्रवाढ व्याजाचे सूत्र एकाएकी समोर येते, त्याऐवजी ते ओळखीचे होऊन येऊ शकते.

या रीतीचा पडताळा जिल्ह्याच्या लोकसंख्येवर घेता येतो. बीड जिल्ह्याची लोकसंख्या १९९१ मध्ये १८,२२,०७२, २००१ मध्ये २१,६१,२५० आणि २०११ मध्ये २५,८५,०४९ होती. पहिल्या दशकात १८.६१ टक्के व दुसऱ्या दशकात १९.६१ टक्के वाढ झाली. बेरीज केल्यास ३८.२२ येते. १९९१ व २०११ च्या आकड्यांवरून थेट काढलेली वाढ मात्र ४१.८७ टक्के आहे आणि १.१८६१ × १.१९६१ हा गुणाकारही १.४१८७ असाच येतो. दोन स्वतंत्र मार्गांनी एकच उत्तर मिळाले की विद्यार्थ्याचा गुणकावर विश्वास बसतो. गणकयंत्र वापरण्यास येथे हरकत नसावी.

गुणकाच्या रीतीत धोके नाहीत असे नाही. ५ टक्के वाढीसाठी १.०५ ऐवजी १.५ लिहिणे ही ठरलेली चूक आहे. दशांश चिन्हाच्या स्थानाची जाण कच्ची असली की ती होतेच. उत्तर काढण्यापूर्वी अंदाज सांगण्याची सवय लावल्यास ती बरीचशी आटोक्यात येते. पाच टक्के वाढीने शंभराचे दीडशे कसे झाले, असे विद्यार्थ्याने स्वतःलाच विचारावयास हवे. घटीचा गुणक काढताना १०० मधून वजाबाकी करून मग भागावयाचे आहे, हेही वारंवार सांगावे लागते : १२ टक्के घट म्हणजे ०.८८ पट, ०.१२ पट नव्हे. येथे पुन्हा ‘गेले’ आणि ‘उरले’ यांचाच गोंधळ असतो.

टक्क्यातील टक्का

जानेवारी २०२४ च्या करारात मजुरीबरोबर मुकादमांच्या कमिशनमध्येही एका टक्क्याची वाढ मान्य झाली. मजुराला ३४ टक्के आणि मुकादमाला अवघा एक टक्का, असे ऐकणाऱ्यास वाटते. हिशेब करून पाहावा. समजा, कमिशन मजुरीच्या १९ टक्के होते व ते २० टक्के झाले. मजुरी १०० रुपये असताना कमिशन १९ रुपये होते. आता मजुरी १३४ रुपये झाली व तिचे २० टक्के म्हणजे २६ रुपये ८० पैसे. १९ वरून २६.८० ही वाढ ४१ टक्क्यांची आहे. ‘एक टक्का’ हा दोन दरांतील फरक होता. दर स्वतः सव्वापाच टक्क्यांनी वाढला आणि ज्या राशीवर तो आकारला जातो तीही ३४ टक्क्यांनी वाढली. मुकादमाला अधिक मिळाले की कमी, योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. परंतु करारातील दोन आकडे शेजारी ठेवून त्यांची तुलना करता येत नाही, एवढे आठवीच्या विद्यार्थ्याला कळावयास हवे.

दोन टक्केवारींमधील असा फरक दर्शविण्यासाठी मराठीत सर्वमान्य शब्द अद्याप रूढ झालेला नाही. वृत्तपत्रांतून दोन्ही अर्थी ‘टक्क्यांनी वाढ’ असाच प्रयोग होतो. तोवर ‘दर १९ वरून २० टक्के झाला’ असे दोन्ही आकडे सांगणे हाच सुरक्षित मार्ग होय.

धरणाच्या साठ्याचेही तसेच आहे. साठा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला, म्हणजे धरणाच्या पूर्ण क्षमतेच्या दहा टक्के पाणी वाढले. आधी असलेल्या पाण्याच्या तुलनेत ती ५० टक्के वाढ आहे. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणाने याची टोकाची बाजूही दाखविली आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात या धरणातील उपयुक्त साठा संपला आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. शून्य साठ्यानंतर पाऊस पडून धरणात पाणी आले, तर साठ्यात शेकडा वाढ किती? मूळ राशी शून्य असल्याने भागाकारच संभवत नाही. क्षमतेच्या किती टक्के पाणी आले हे सांगता येते. आधीच्या किती टक्के, हे सांगता येत नाही. याच ओघात घट १०० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, वाढीला मात्र अशी मर्यादा नाही, हेही विद्यार्थी स्वतः शोधून काढतात.

सत्राचा आणि स्थलांतराचा प्रश्न

या घटकाच्या अध्यापनात बीड जिल्ह्यापुढे एक वेगळी अडचण आहे आणि ती गणिताची नाही. २०१६ पासून वापरात आलेल्या इयत्ता सहावीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात गुणोत्तर-प्रमाण, शेकडेवारी, नफा-तोटा, बँक व सरळव्याज ही प्रकरणे दुसऱ्या विभागात घेतलेली होती. दुसरा विभाग म्हणजे दिवाळीनंतरचे सत्र. ज्या कुटुंबांना उचल, मजुरी, कमिशन आणि व्याज यांचा हिशेब रोज करावा लागतो, त्यांची मुले नेमकी याच काळात कारखान्याच्या तळावर असतात. हंगामी वसतिगृहांमुळे व नातेवाइकांकडे राहिल्यामुळे काही मुले गावी थांबतात. जी जातात, ती परतेपर्यंत हा भाग शिकवून संपलेला असतो. पुढील वर्षी ‘शेकडेवारी तुम्हांला येतेच’ असे गृहीत धरून सरळव्याज सुरू होते.

प्रकरणांचा क्रम बदलण्यास येथे वाव आहे. सहावीच्या त्याच पुस्तकात अपूर्णांकांवरील क्रिया, दशांश अपूर्णांक आणि स्तंभालेख हे पहिल्या विभागात येत असत. शेकडेवारीसाठी लागणारी पूर्वतयारी एवढीच आहे. गुणोत्तराची मूलभूत कल्पना दोन तासिकांत देता येते. समीकरणे आणि भूमितीतील काही भाग मागे ठेवून शेकडेवारी व शेकडा वाढ-घट हा घटक सप्टेंबरमध्ये, टोळ्या निघण्यापूर्वी, घेता येऊ शकतो. आठ ते दहा तासिका पुरतात. शिक्षणशास्त्र महाविद्यालयांतील छात्राध्यापकांच्या सराव पाठांचे नियोजन करतानाही या गोष्टीचा विचार व्हावा. शेकडेवारीचा पाठ जानेवारीत घेतला तर छात्राध्यापकाला पूर्ण वर्ग मिळतच नाही.

त्या आठ-दहा तासिकांतील शेवटची तासिका एकाच उदाहरणासाठी ठेवता येईल. एका कोयत्याने, म्हणजे पती-पत्नीच्या जोडीने, एक लाख रुपये उचल घेतली. गेल्या हंगामात या जोडीने केलेल्या तोडणीची मजुरी ८० हजार रुपये झाली होती. या हंगामात दर ३४ टक्क्यांनी वाढला. पण पाऊस कमी पडल्याने उभा ऊस घटला व तोडलेले टन २० टक्क्यांनी कमी भरले. उचल फिटेल का? बेरीज-वजाबाकी करणारा विद्यार्थी १४ टक्के वाढ धरतो व ९१,२०० रुपये सांगतो. गुणकाने ८०,००० × १.३४ × ०.८० = ८५,७६० रुपये येतात. उचलीपैकी १४,२४० रुपये अंगावर राहतात आणि ते पुढच्या हंगामाच्या उचलीत धरले जातात.